जॅमर फाटकाच्या आत?

चेन्नईत ओएमआर म्हणतात त्या जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या पट्ट्यात आयटीमुळे देशभरातली माणसे येऊन राहिली आहेत. तिथल्या मोठ्या वसाहतींच्या तळघरात टीएन क्रमांकांच्या रांगांमध्ये एमएच, केए, केएल आणि पीवाय क्रमांकांच्या गाड्याही उभ्या दिसतात. काही रोज कामावर जातात. काहींची चाके महिनोन्‌महिने हललेली नसतात, टायर बसलेले असतात, काचेवर इतकी धूळ असते की पोरांनी त्यावर बोटाने नावे कोरलेली असतात. यांतल्या कोणत्या गाडीने तमिळनाडूचा कर भरलेला नाही, याचा माग क्रमांकावरून काढता येतो. मग प्रश्न उभा राहतो: कर थकलेली गाडी खासगी जागेत उभी असताना तिच्या चाकाला जॅमर लावावा का, आणि लावायचा तर कोणी? माझे मत आधीच सांगायला हवे. सरकारने तो फाटकाच्या आत लावू नये, आणि सोसायटीने तर मुळीच लावू नये. पण समोरची बाजू पोकळ नाही. त्यामुळे आपल्या शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीने पूर्वपक्षाला त्याचे म्हणणे पूर्ण मांडू देणेच योग्य.

पूर्वपक्ष: तुम्ही जागेपासून सुरुवात करता, मी करापासून करतो. तमिळनाडूने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोटारींचा आजीवन कर वाढवला. पाच लाखांपर्यंतच्या गाडीला १२ टक्के, पाच ते दहा लाखांच्या गाडीला १३, दहा ते वीस लाखांना १८ आणि त्यावर २० टक्के. म्हणजे आठ लाखांची साधी गाडी घेणारा नोकरदार एक लाख चार हजार रुपये कर भरूनच ती घरी आणतो. एक कोटीच्या गाडीवर वीस लाख होतात. ते वाचवायला काय करावे लागते? चेन्नईहून दीडेकशे किलोमीटरवर पुदुच्चेरी आहे, तिथला कर तुलनेने फारच किरकोळ. तिथला एखादा पत्ता दाखवायचा, पीवाय क्रमांक घ्यायचा आणि गाडी कायमची चेन्नईत ठेवायची. २०१७ साली केरळात अशाच पुदुच्चेरी-नोंदणीच्या महागड्या गाड्यांचा केवढा गदारोळ झाला ते आठवा. ही गाडी दिवसा ईस्ट कोस्ट रोडवर धावते आणि रात्री तळघरात जाऊन झोपते. तुम्ही म्हणता, रस्त्यावर पकडा. कोणत्या नाक्यावर, किती वाजता? तिचा ठावठिकाणा खात्रीने माहीत असतो तो एकाच ठिकाणी, तिच्या पार्किंगमध्ये. तिथे तिला हात लावायचा नाही असे ठरवले, तर प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याला आपण वेड्यात काढले असे होते.

उत्तरपक्ष: शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. कर चुकवणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही, आणि खोट्या पत्त्यावरची नोंदणी ही तर सरळ फसवणूक आहे. पण हा कर कशावर आहे ते आधी पाहू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीने राज्यांना वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे, आणि तिथे ‘रस्त्यावर वापरण्यायोग्य’ वाहने असे म्हटले आहे. रस्त्याशी असलेला हा धागा न्यायालयांनी पन्नास वर्षे सोडलेला नाही. १९७४ साली बोलानी ओअर्सच्या खटल्यात ओडिशातल्या लोहखनिजाच्या खाणीतले डंपर न्यायालयासमोर होते. नोंदणी लागू असली तरी केवळ खाणीच्या आवारात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर वाहनकर लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ताजा निकाल ऑगस्ट २०२५ चा आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या माल पाठवण्याच्या यार्डात एका लॉजिस्टिक्स कंपनीची ३६ वाहने चालत. यार्डाला भिंत, फाटकावर पहारा, बाहेरच्याला प्रवेश नाही. आंध्र प्रदेशाने त्यांच्यावर कर लावला. न्यायालयाने तो रद्द केला. सार्वजनिक रस्ते, महामार्ग वापरतो त्याने त्या वापरापोटी हा कर द्यायचा, असे त्यामागचे तत्त्व निकालात सांगितले आहे. थोडक्यात, हा कर गाडी बाळगण्याचा दंड नाही, रस्त्याशी जोडलेले देणे आहे. वसुलीची सत्ताही स्वाभाविकपणे त्याच रस्त्यावर उभी राहते.

पूर्वपक्ष: सोयीचे निकाल निवडलेत. खाणीतला डंपर आणि तळघरातली सेडान यांची बरोबरी कशी होईल? डंपर रस्त्यावर येतच नाही, सेडान रस्त्यावर येण्यासाठीच घेतलेली असते. दुसरे असे की, आंध्रच्या कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाणी’ हे शब्द होते म्हणून तो निकाल तसा लागला. तुमच्या महाराष्ट्राचा १९५८ चा मोटार वाहन कर कायदा बघा. तिथे राज्यात वापरलेल्या ‘किंवा वापरासाठी ठेवलेल्या’ वाहनावर कर आहे, आणि नोंदणी चालू असलेली गाडी वापरासाठीच ठेवली आहे असे गृहीत धरले जाते. वापर बंद असेल तर मालकाने तसे कळवून दाखला घ्यायचा. आणि ‘रस्त्याचा मोबदला’ ही तुमची कल्पना? जिंदाल स्टेनलेसच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१६ साली भरपाईस्वरूप कर हा सिद्धांतच मोडीत काढला.

उत्तरपक्ष: तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते टाळणार नाही. २०१६ चा निकाल राज्याराज्यांतल्या व्यापारस्वातंत्र्याच्या संदर्भात होता. कर भरपाईस्वरूप आहे एवढ्यावरून तो घटनेच्या कसोटीतून सुटत नाही, असे तिथे ठरले. त्याने ५७ व्या नोंदीतले ‘रस्ते’ पुसले गेले नाहीत, म्हणून तर २०२५ मध्येही न्यायालय पुन्हा रस्त्याच्या वापरापाशी आले. तरीही मी मान्य करतो की तळघरातल्या सेडानवर कर लागू असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच. पण कर लागू आहे ही एक गोष्ट आणि तो वसूल करण्यासाठी कोणत्याही जागी, कोणत्याही साधनाने गाडी अडवता येते ही दुसरी. माझा सगळा विरोध या दुसऱ्या गोष्टीला आहे. थकलेल्या करासाठी वाहन अडवून ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०७ व्या कलमात नोंदणी नसलेली, परवाना नसलेली गाडी अडवण्याची सोय आहे, राज्यांच्या करकायद्यांतही तशा तरतुदी आहेत. हे अधिकार चालत्या गाडीसमोर शोभतात, कारण तिथे पुरावा डोळ्यांसमोर असतो: गाडी आहे, रस्ता आहे, वापर आहे, कागद नाहीत. तळघरात यांतला मधला दुवाच नसतो. तिथे गाडी रस्त्यावर आली होती का, मालक इथे दहा महिने राहतो की चौदा, हे सगळे सिद्ध करायचे बाकी असते. जॅमर लावला की सिद्ध करण्याचा बोजा एका झटक्यात मालकावर जातो. आधी चाक अडकते, मग सुनावणी होते.

हा फरक महाराष्ट्रातून चेन्नईला गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत किती खरा आहे पाहा. मोटार वाहन कायद्याचे ४७ वे कलम सांगते की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. नवा क्रमांक म्हणजे तिथला आजीवन कर, गाडीच्या वयाप्रमाणे कमी करून. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण तो नंतर, अर्ज आणि पाठपुरावा करून. म्हणजे काही काळ माणसाने दोन्ही राज्यांना पैसे दिलेले असतात. अशा गाडीचा तेरावा महिना कधी लागला याचे उत्तर ती तळघरात उभी असण्यातून मिळत नाही. ते मिळते भाडेकरारातून, कंपनीच्या बदलीपत्रातून, टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या नोंदींतून. मालक मधल्या काळात गाडी घेऊन चार महिने पुण्याला राहिला असेल, तर मोजणी कुठून धरायची? कर्नाटकाने २०१४ साली बारा महिन्यांऐवजी तीस दिवसांनंतर कर मागायची तरतूद केली, ती २०१६ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. केंद्राने २०२१ मध्ये बीएच मालिका आणली, दोन-दोन वर्षांचा कर भरण्याची सोय असलेली, ती याच अडचणीसाठी. हा सगळा प्रश्न कागदपत्रांचा, तारखांचा आणि मोजणीचा आहे. तो सोडवायला नोटीस लागते, उत्तराला मुदत लागते, आणि एक अधिकारी लागतो जो दोन्ही बाजू वाचून सही करतो.

पूर्वपक्ष: नोटिसांना केराची टोपली दाखवणारेही असतात. त्यांचे काय?

उत्तरपक्ष: त्यांच्यासाठी कागदच अधिक धारदार आहे, आणि याचे चांगले उदाहरण चेन्नईतलेच आहे. अभिनेते विजय यांनी २०१२ साली इंग्लंडहून आणलेल्या रोल्स-रॉईस घोस्टवर तमिळनाडूने प्रवेश कर मागितला. परिवहन खात्याने नोंदणीसाठी व्यापारी कर खात्याचे ना-हरकत पत्र मागितले. वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि एक लाखाचा दंडात्मक खर्चही बसला. त्या निकालातली अभिनेत्यांबद्दलची कडक शेरेबाजी पुढे खंडपीठाने काढून टाकली, आणि मला ते योग्य वाटते, कारण कोर्टात जाऊन कर तपासून घेणे हा गुन्हा नव्हे. पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे की, देशातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एकीच्या करवसुलीसाठी कुणालाही कुणाच्या बंगल्याच्या आवारात जॅमर घेऊन शिरावे लागले नाही. नोंदणी अडली की गाडी रस्त्यावर निरुपयोगी होते. तीच गोष्ट विक्रीची. ना-हरकत नाही तर नावावर चढत नाही. फिटनेस, नोंदणीचे नूतनीकरण, सगळ्या वाटा त्याच खिडकीवर येतात. पीवाय क्रमांकाची गाडी रोज ईस्ट कोस्ट रोडवर धावते म्हणता ना? मग टोल आणि कॅमेरे तिचा वापर तळघरापेक्षा कितीतरी पक्का सिद्ध करतात. त्या नोंदींवर कर आकारा, दंड आकारा, गाडी रस्त्यावर आली की अडवा. खात्याला हे कष्टाचे वाटत असेल, पण वसुलीतला आळस हे कुणाच्या घरात शिरण्याचे कारण होऊ शकत नाही.

पूर्वपक्ष: ब्रिटन काही कमी स्वातंत्र्यप्रेमी देश नाही. तिथली वाहन नोंदणी संस्था, डीव्हीएलए, २००८ च्या सुधारणेनंतर कर न भरलेल्या गाडीला खासगी जागेतही क्लॅम्प लावते. तेच इथे का नको?

उत्तरपक्ष: कारण त्या व्यवस्थेचे तुम्ही अर्धेच अंग दाखवलेत. तिथे मालकाला १९९८ पासून ‘सॉर्न’ नावाची घोषणा करता येते: माझी गाडी रस्त्यावर नाही. त्याला शुल्क नाही, आणि ती केली की कर नाही. ज्याच्यापुढे इतका सोपा दरवाजा उघडा आहे आणि जो तो वापरत नाही, त्याच्याच गाडीला क्लॅम्प लागतो. शिवाय घराचे आवार आणि घराबरोबर नेहमी वापरली जाणारी जागा त्या अधिकारातून वगळलेली आहे. म्हणजे तुम्ही ज्याच्या बाजूने उदाहरण दिलेत ते तळघर, राहत्या घराचे पार्किंग, तिथेही तत्त्वतः बाहेरच राहते. आपल्याकडे आजीवन कर एकदम आगाऊ घेतला जातो. त्यामुळे ‘गाडी बंद आहे’ असे सांगण्याला खासगी मोटारीच्या बाबतीत फारसा अर्थच उरत नाही.

आणि चेन्नईत गाडी बंद पडणे हा नेहमीच मालकाचा आळस नसतो. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहराच्या दक्षिण भागात तळघरे आणि स्टिल्ट पाण्याखाली गेली. पळ्ळिकरणैच्या एका वसाहतीतून गाड्या वाहत जातानाची चित्रफीत मिचाँगच्या वेळी देशभर पाहिली गेली. पाणी ओसरल्यावर गाडी कशी दिसते? दाराच्या मुठीपर्यंत तपकिरी रेघ, आसनांना कुबट वास, आणि इलेक्ट्रॉनिक्स निकामी झाल्याने चावी फिरवून काहीच होत नाही. मग सर्व्हेअरची वाट, विमा कंपनीशी पत्रव्यवहार, दुरुस्ती करायची की भंगारात काढायची यावर खल. या महिन्यांत तिच्या चाकाला जॅमर लावून राज्य कोणता वापर थांबवणार आहे? समजा ती एमएच क्रमांकाची असेल आणि बुडाल्यानंतर तिचे बारा महिने भरले, तर ज्या गाडीने त्या काळात रस्ता पाहिलाच नाही तिच्याकडे रस्त्याचे देणे मागायचे का? मालकाला हे सांगण्याची सोपी, फुकट आणि नोंद होणारी सोय आधी हवी. ती सोय न देता क्लॅम्प आणणे म्हणजे ब्रिटनची शिक्षा उचलायची आणि ब्रिटनची सवलत तिथेच ठेवायची.

पूर्वपक्ष: बरे, सरकारचे सोडा. असोसिएशनचे काय? बाहेरच्या माणसाने माझ्या नावच्या जागेत गाडी लावली, पोलिसांना बोलावले तर ते म्हणतात, खासगी जागा आहे, आम्ही येत नाही. मग वॉचमनने जॅमर लावला तर बिघडले कुठे? आपल्याकडे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहेच की. शेतात शिरलेले जनावर शेतकरी धरू शकतो.

उत्तरपक्ष: त्या कायद्याचे पुढचे शब्दही पाहा. जनावर धरले की चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे. दंड सरकारने ठरवलेल्या दराने, पावती कोंडवाड्याची, पैसा शेतकऱ्याच्या खिशात नाही. धरणारा वेगळा, ठरवणारा वेगळा, ही त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याची खरी शहाणीव आहे. असोसिएशनचा जॅमर नेमकी तीच मोडतो: नियम तिचा, पकडणारा तिचा, दर तिचा, पैसे तिच्या खात्यात, आणि तक्रार करायची तीही तिच्याकडेच. मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमात जॅमरचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली, अथवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवण्याचे किंवा जखडण्याचे आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. वॉचमन गणवेशात असतो, पण तो हा गणवेश नव्हे.

गणवेशातल्या माणसाकडे तारतम्य असते याचाही दाखला चेन्नईतच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा आला तेव्हा वेळाचेरीच्या लोकांनी आपापली पार्किंगे सोडून गाड्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेने लावल्या. जागा निखळ सार्वजनिक, अधिकार पूर्ण. दंड केल्याची बातमी पसरली तेव्हा पोलिसांनी ती नाकारली. अधिकार असून तो केव्हा वापरायचा नाही हे ज्याला ठरवता येते आणि ज्याला त्याचा जाब विचारता येतो, त्याच्याच हाती असे साधन द्यावे. कंत्राटी रक्षकाला यांतले काहीच शक्य नसते. त्याला यादी दिलेली असते आणि चावी दुसऱ्याकडे असते. रात्री दोन वाजता कुणाला छातीत कळ आली आणि बाहेरून आलेल्या जावयाच्या गाडीला जॅमर असेल, तर कमिटीचा सेक्रेटरी फोन उचलेपर्यंत काय करायचे?

हा प्रयोग दुसरीकडे होऊन गेला आहे. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्येच खासगी जागेत गाडी जखडून पैसे मागणे हा खंडणीचा आणि चोरीचाही प्रकार ठरवला. इंग्लंडने दुसरी वाट धरली. १९९५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की पाटी स्पष्ट असेल, रक्कम वाजवी असेल आणि पैसे देताच गाडी सुटत असेल तर चालेल. या अटी कागदावर नेटक्या होत्या. प्रत्यक्षात पाट्या झाडाआड गेल्या, रकमा वाढल्या, आणि अखेर संसदेने कायदा करून १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये खासगी क्लॅम्पिंग बंद केले. अटी घालून हे साधन खासगी हाती नीट राहील, असे मानणाऱ्यांनी ही सतरा वर्षे अभ्यासावीत.

पूर्वपक्ष: मग माझ्या जागेत घुसलेल्या गाडीचे मी काय करावे? नुसते पाहत बसू?

उत्तरपक्ष: तुमचा त्रास खरा आहे आणि त्यावरचे उपाय संथ आहेत, हे मी लपवत नाही. बाहेरच्याची गाडी फाटकातच अडवता येते, आत घेताना नाव-नंबर लिहून घेता येतो. सभासदाने नियम मोडला तर उपविधीनुसार आकारणी करून ती मासिक देखभालीच्या बिलात लावता येते, आणि तो भरत नसेल तर तक्रारीला मंच आहेत. आधी मात्र एक गोष्ट तपासा. ज्या जागेला ‘माझी’ म्हणता ती खरोखर तुमच्या नावची आहे का? मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले की बिल्डरला स्टिल्टमधली पार्किंग स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावर होता, पण प्रश्न सगळ्या शहरांचा आहे. चेन्नईत तर याच्या उलटाही प्रकार असतो. ले-आउट मंजूर होताना आतले रस्ते दानपत्राने स्थानिक संस्थेला द्यावे लागतात. असे दानपत्र झाले असेल, तर पुढे त्या वसाहतीने कमान उभारली, बूम बॅरियर टाकला, ‘खासगी रस्ता’ अशी पाटी लावली, तरी तो रस्ता महापालिकेचा आणि सार्वजनिकच राहतो. तिथे कर थकलेली गाडी दहा तास उभी असेल तर पोलिसांनी येऊन तिला जॅमर लावावा, मी अडवणार नाही. ‘खासगी जागा आहे, येत नाही’ असे ते तिथे म्हणू शकत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी फोन करताना असोसिएशनने दानपत्राची प्रत हाताशी ठेवावी, आणि ती सापडत नसेल तर महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागावी.